मेट्रोचं गेट उघडत नाही? या चुका टाळा

संध्याकाळच्या गर्दीत मुंबई मेट्रोच्या गुंदवली स्टेशनवर हे हमखास बघायला मिळतं. एखादी ताई अख्खी पर्सच गेटवरच्या कार्ड वाचणाऱ्या रीडरवर टेकवते, लाल दिवा लागतो, ती पर्स पुन्हा आपटते, मागची रांग ओरडू लागते आणि ती बिचारी शेजारच्या गेटकडे पळते. गेट बहुतेक वेळा ठणठणीत असतं. पर्समध्ये मेट्रो कार्डाला चिकटून बँकेचं टॅपवालं डेबिट कार्ड असतं. दोन्ही कार्डं एकदम उत्तर देतात आणि रीडरचा गोंधळ उडतो. कार्ड बाहेर काढून एकटंच टेकवा.

आणि ते जरा धरून ठेवा. कार्डात बॅटरी नसते. रीडरमधून निघणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतूनच चिपला वीज मिळते, तीही कार्ड अगदी जवळ असेपर्यंत. तेवढ्या क्षणात रीडर शिल्लक वाचतो, तुम्ही कुठल्या स्टेशनात शिरलात ते चिपवर लिहितो आणि मगच गेट उघडतो. मध्येच हात मागे घेतला की लिहिणं अर्धवट राहतं. एरर आली तर तेच कार्ड त्याच गेटवर पुन्हा टेकवा. घाईत खिशातलं दुसरं कार्ड लावणं मला सगळ्यांत वाईट चूक वाटते, कारण एका कार्डावर प्रवेशाची नोंद राहते आणि बाहेर पडताना दुसरंच कार्ड पुढे येतं.

गेटवरच्या बहुतेक भांडणांचं मूळ या अर्धवट नोंदीतच असतं. पुढच्या माणसाला चिकटून टॅप न करता आत शिरलात तर उतरल्यावर गेट अडवतं, कारण कार्डावर प्रवेशच नाही. बाजूच्या उघड्या गेटातून बाहेर पडलात तर तो प्रवास चालूच दिसतो आणि पुढच्या वेळी आत जाता येत नाही. अशा वेळी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालू नका, त्याच्याकडे कार्ड वाचायचं मशीन नसतं. थेट कस्टमर केअरच्या खिडकीवर जा. तिथला कर्मचारी शेवटची नोंद बघतो, नियमाप्रमाणे पैसे घ्यायचे असतील तर घेतो आणि नोंद पूर्ण करून देतो.

‘रिचार्ज केला, तरी बॅलन्स नाही’ ही तक्रारही रोजची. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात, म्हणजे मेट्रो-बससाठी बँका देतात त्या टॅपवाल्या कार्डात, भाड्याची शिल्लक चिपवर असते. अॅपवरून भरलेले पैसे आधी बँकेच्या खात्यात दिसतात, ते चिपवर यायला कार्ड स्टेशनातल्या मशीनवर किंवा खिडकीवर अपडेट करावं लागतं. कार्ड हरवलं तर चिपवरची शिल्लक रोख रकमेसारखीच गेली समजा, म्हणून लागेल तेवढीच ठेवा.

क्यूआर तिकिटाचं थोडक्यात सांगायचं तर स्क्रीनचा उजेड वाढवा आणि एकच कोड दोघांत वापरू नका.

मार्ग बदलताना मात्र लक्ष द्या. २०१४ पासून धावणारी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो, दहिसरहून अंधेरीला येणाऱ्या २ए आणि ७, आणि आरे ते कफ परेड ही ३ क्रमांकाची मार्गिका वेगवेगळ्या संस्था चालवतात. गुंदवलीहून पुलावरून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात जाताना किंवा मरोळ नाक्याला गाडी बदलताना आधी टॅप करून बाहेर पडा, मग पुढच्या गेटवर नव्याने आत जा. ३ क्रमांकाच्या २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली आहेत. खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका, मोबाइल तिकीट जिना उतरण्याआधीच काढा.

आगीचा अलार्म वाजला तर टॅप करायला थांबू नका. अशा वेळी गेट आपोआप उघडी राहावीत अशीच त्यांची रचना असते. राहिलेली नोंद नंतर खिडकीवर दुरुस्त करून घेता येते.