नॅनो आणि ब्रेस्ट कॅन्सरवर पीएचडी करायचीय? मग आधी हे वाचा

दरवर्षी कुणीतरी ज्युनियर विचारतंच, ताई नॅनो (अतिसूक्ष्म कणांचं शास्त्र) घेऊ का, ब्रेस्ट कॅन्सर घेऊ का. घ्या. पण मी काय भोगलं ते ऐकून घ्या.

मी यात आले मावशीमुळे. इथे नागपुरातच तिची केमो झाली, पॅक्लिटॅक्सेल सुरू होतं आणि प्रत्येक डोसच्या आधी तिला स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन का देतात हेच मला कळायचं नाही. एम.फार्मला कळलं, हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून एरंडेल तेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये देतात आणि रिॲक्शनची भीती मुख्यतः त्या क्रेमोफोरची असते. तेच औषध अल्ब्युमिनला बांधून साधारण 130 नॅनोमीटरचे कण केले की क्रेमोफोर लागतच नाही. ते अब्रॅक्सेन, अमेरिकेत 2005 मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्या दिवशी मी ठरवलं की हेच करायचं.

माझं काम सोन्याच्या कणांवर. कणावर हर-टू (काही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर खूप जास्त असणारं प्रोटीन) ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी बसवायची म्हणजे हर-टू जास्त असलेल्या पेशी त्याला पकडतात, पेशी ओळखता येतात आणि पुढे त्याच कणावर औषधही लादता येतं. गोल्ड क्लोराइड उकळत्या पाण्यात, त्यात सायट्रेट, आणि थोड्या वेळात सोल्युशन वाईनसारखं लाल. पहिल्यांदा तो रंग आला तेव्हा मी रडले होते खरंच. काचेची भांडी अम्लराजने (सोनंही विरघळवणारं तीव्र ॲसिडचं मिश्रण) धुवा, गोल्ड क्लोराइडला स्टीलचा स्पॅच्युला लावू नका, हे दोन नियम पाळले तर लाल रंग येतोच.

खरा त्रास पुढे. तेच सुंदर कण पेशींच्या मीडियामध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, टाकले की मिठामुळे एकमेकांना चिकटतात, लाल जाऊन जांभळं-निळं होतं. म्हणून कणांवर पेग (कण एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमरचा थर) लावा आणि डीएलएसवर (प्रकाशाने कणांचा आकार मोजणारं यंत्र) साइज फक्त पाण्यात नाही तर मीडियामध्येही मोजा. आणि एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजायची टेस्ट! त्यात 570 नॅनोमीटरच्या प्रकाशावर रीडिंग घेतो आपण, सोन्याचे कण सगळ्यात जास्त प्रकाश शोषतात 520 च्या आसपास, म्हणजे पेशी मेल्या तरी कणांच्याच रंगामुळे जिवंत दिसतात. माझे चार महिने यात गेले. पेशींशिवाय नुसते कण असलेलं कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) पहिल्या दिवसापासून ठेवा, गाईडने सांगितलं नाही तरी. हर-टूसाठी एसके-बीआर-3 (हर-टू भरपूर असलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी) सोबत एमडीए-एमबी-231 या पेशीसुद्धा ठेवा, या दुसऱ्यांत हर-टू नसल्यासारखंच असतं, तिथेही कण तेवढेच चिकटले तर तुमची अँटिबॉडी काहीच करत नाहीये. या सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून मिळतात.

अजून एक, डिशमध्ये पेशी मेल्या म्हणून लगेच इलाज सापडला असं समजू नका. 2016 मध्ये दहा वर्षांच्या अभ्यासांचा आढावा आला, त्यात उंदरांना दिलेल्या कणांपैकी ट्यूमरपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण मध्यक (मीडियन) धरून फक्त 0.7 टक्के निघालं, बाकीचे बरेचसे लिव्हर-स्प्लीनमध्ये अडकतात. हा आकडा वाचून मी आठवडाभर लॅबला गेले नाही, मग परत गेले कारण मावशीचं औषध तरी असंच कुणीतरी केलं होतं ना.

विषय फायनल करण्याआधी लॅबमध्ये एक प्रश्न नक्की विचारा, मे महिन्यात लाईट गेली तर इन्क्युबेटरला बॅकअप आहे का. आपल्याकडे पारा 45 ला जातो आणि माझ्या सगळ्या पेशी एका दुपारीच गेल्या होत्या.