ऋण घातांक सोडवताना

2⁻³ ची किंमत विचारली की बरीच मुले −6 किंवा −8 असे उत्तर देतात. पाया तितक्या वेळा घेऊन केलेला गुणाकार, एवढाच घातांकाचा अर्थ ठाऊक असेल तर त्यांना दोष देता येत नाही, कारण एखादी संख्या उणे तीन वेळा घ्यायची तरी कशी? म्हणून वहीत 2³ = 8, 2² = 4, 2¹ = 2 असे एकाखाली एक लिहावे. घातांक एकाने उतरला की किंमत निम्मी होते; हाच क्रम पुढे नेला की 2⁰ = 1, 2⁻¹ = 1/2, 2⁻² = 1/4 आणि 2⁻³ = 1/8 मिळते. किंमत लहान होत जाते, पण ऋण कधीच होत नाही.

भागाकाराच्या नियमानेही याची पडताळणी होते. पाया समान असताना घातांकांची वजाबाकी होते, म्हणून 2² ÷ 2⁵ = 2⁻³; आणि 4 ला 32 ने भागले तरी 1/8 च येतो.

उदाहरण सोडवताना घातांक नेमका कोणाच्या डोक्यावर आहे, हे आधी पाहावे. 5क्ष⁻² मध्ये तो केवळ क्ष चा आहे, म्हणून उत्तर 5/क्ष² येते. (5क्ष)⁻² मध्ये मात्र 5 सुद्धा छेदात जाऊन 1/(25क्ष²) होते. पाया अपूर्णांक असेल तर तो उलटा करावा: (2/3)⁻² = (3/2)² = 9/4. (−2)⁻³ चे उत्तर −1/8 आहे खरे, पण ते ऋण चिन्ह पायाचे आहे, घातांकाचे नव्हे. पाया शून्य असेल तर ऋण घातांकाला अर्थच उरत नाही, कारण शून्याने भागता येत नाही.

'छेदातले वर न्यावे, चिन्ह बदलावे' ही युक्ती सोयीची असली तरी ती गुणाकारातच चालते. बेरजेत ती बिनदिक्कत वापरली जाते आणि तिथेच गुण जातात. 1/(2⁻¹ + 3⁻¹) ची किंमत 2 + 3, म्हणजे 5, असे लिहिणे चूक आहे. आधी छेदातली बेरीज करावी, 1/2 + 1/3 = 5/6, आणि मगच व्यस्त घ्यावा; उत्तर 6/5 येते.