मॉडेल विमानाचा रेडिओ सिग्नल तुटला तर कारण कसं शोधायचं

ऑटोपायलटवालं विमान "हाताबाहेर गेलं" की बहुतेक जण थेट रिसीव्हरला (विमानातला सिग्नल घेणारा भाग) दोष देतात आणि नवीन रिसीव्हर मागवतात, आणि पुढच्या फ्लाइटला पुन्हा तेच होतं. म्हणून आधी नक्की काय झालं ते शोधा, खरेदी नंतर. हा लेख आर्डूप्लेन (विमानातल्या ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर) आणि मिशन प्लॅनर (ते सेट करायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी आहे.

विमान अजून हवेत असेल तर काय करायचं ते आधी सांगतो. ट्रान्समीटर (हातातला कंट्रोलर) बंद-चालू करू नका. तो उंच धरा आणि अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, कारण काठीसारख्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेनेच सिग्नल सगळ्यात कमी जातो, अँटेनाची लांब बाजू विमानाकडे राहील असं बघा. मग मोड स्विच एकदा दुसऱ्या मोडवर नेऊन परत एफबीडब्ल्यूएवर (स्टिक तुमच्या हातात, पण ऑटोपायलट विमान सरळ ठेवतो असा मोड) आणा. हे का, तर सिग्नल तुटला की आर्डूप्लेन डिफॉल्ट सेटिंगला 1.5 सेकंदांनी शॉर्ट फेलसेफमध्ये (सिग्नल गेल्यावर आपोआप लागणारा बचाव) जातं आणि सर्कल मारायला लागतं, 5 सेकंद झाले की लाँग फेलसेफ लागतो आणि ते आरटीएलमध्ये (रिटर्न टू लाँच, म्हणजे उड्डाणाच्या जागी परत येण्याचा मोड) घराकडे वळतं. आता मधेच सिग्नल परत आला तरी लाँग फेलसेफनंतर ते आपोआप तुमच्या हातात येत नाही, मोड स्विच हलवेपर्यंत आरटीएलमध्येच राहतं. माणूस स्टिक मारत राहतो, विमान ऐकत नाही, आणि त्याला वाटतं रेडिओ अजून मेलेलाच आहे. खूप जणांची "रेडिओ गेला" ही तक्रार प्रत्यक्षात एवढीच असते.

विमान खाली आलं (कसंही आलं असो) की ऑटोपायलटच्या एसडी कार्डवरची बिन फाईल (फ्लाइटचा लॉग) आधी कॉपी करून ठेवा, वायरिंगला त्यानंतर हात लावा. मिशन प्लॅनरमध्ये लॉगमधलं आरसीआयएन (रिसीव्हरकडून आलेले आकडे) उघडा आणि चॅनेल 1 ते 4 च्या, म्हणजे दोन्ही स्टिकच्या, रेषा एकत्र बघा. तीन चित्रं दिसू शकतात. पहिलं, थ्रॉटलची (मोटरच्या जोराची, चॅनेल 3) रेषा एकदम खाली पडलीये आणि एमएसजीमध्ये (लॉगमधले मेसेज) फेलसेफचा मेसेज आहे, म्हणजे सिग्नल खरोखर तुटला आणि ऑटोपायलटला ते कळलं. दुसरं, तुम्ही स्टिक हलवत होता पण लॉगमध्ये सगळ्या रेषा सपाट आहेत, हे सगळ्यात घातक, यावर खाली लिहितो. तिसरं, रेषा तुमच्या हाताप्रमाणे व्यवस्थित हलतायत पण विमान ऐकत नव्हतं, तर मग मोडची रेषा बघा, विमान ऑटो (ठरवून दिलेल्या मार्गाने उडण्याचा मोड) किंवा आरटीएलमध्ये असणार, म्हणजे रेडिओ ठीक आहे. आणि लॉग हवेतच मधे तुटलेला असेल तर बोर्डाची पॉवर गेली असावी, रेडिओमागे धावू नका.

आता ते दुसरं चित्र. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची आलेली व्हॅल्यू तशीच धरून ठेवतात. ऑटोपायलटला वाटतं पायलट अजून स्टिक धरून बसलाय, फेलसेफ लागतच नाही, आणि विमान त्याच थ्रॉटलवर सरळ निघून जातं. म्हणून रिसीव्हरचा स्वतःचा फेलसेफ सेट करणं हे या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. रिसीव्हरला "नो पल्स" (सिग्नल गेला की ऑटोपायलटला काहीच न पाठवणं) हा ऑप्शन असेल तर तोच निवडा. फ्लायस्काय आय6 सारख्या सेटवर वेगळी युक्ती करावी लागते: थ्रॉटलचा खालचा एंड पॉइंट (चॅनेलची शेवटची मर्यादा) 120 टक्के करा, स्टिक पूर्ण खाली धरून चॅनेल 3 चा फेलसेफ सेव्ह करा, मग एंड पॉइंट परत 100 वर आणा. आता ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल नेहमीच्या सगळ्यात खालच्या व्हॅल्यूच्याही खाली जायला पाहिजे. आर्डूप्लेनच्या सेटिंगमध्ये टीएचआर_फेलसेफ 1 ठेवा (म्हणजे थ्रॉटल फेलसेफ चालू) आणि टीएचआर_एफएस_व्हॅल्यू (थ्रॉटल ज्याच्या खाली गेला की फेलसेफ लागतो तो आकडा) स्टिक पूर्ण खाली असतानाचा आणि ट्रान्समीटर बंद असतानाचा थ्रॉटल या दोन आकड्यांच्या मधे ठेवा, दोन्हीकडून किमान 10 चं अंतर राखून. डिफॉल्ट 950 आहे पण तुमच्या रेडिओला तो बसेलच असं नाही, रेडिओ कॅलिब्रेशनच्या पानावर स्वतः आकडे वाचा.

मग टेबलावर टेस्ट घ्या. प्रॉप (पंखा) काढा, खरंच काढा, कारण आरटीएल लागला की मोटर फिरू शकते. मिशन प्लॅनर जोडून एफबीडब्ल्यूएमध्ये ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करा. आधी सर्कल, मग आरटीएल दिसलं पाहिजे. हे न दिसलेलं विमान उडवू नका.

फेलसेफ बरोबर लागतोय पण सिग्नल मुळात तुटतोच का, तर आधी पॉवर बघा. लॉगमधलं पीओडब्ल्यूआरचं व्हीसीसी (बोर्डाला मिळणारा व्होल्टेज) 5 व्होल्टच्या आसपास स्थिर पाहिजे, सर्व्हो (पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) जोरात हलताना ते खचत असेल तर बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज 5 व्होल्टच्या आसपास आणणारा भाग) कमी पडतोय. पिक्सहॉक (ऑटोपायलटचा बोर्ड) सर्व्हो रेलला (सर्व्हो जोडायच्या पिनांची ओळ) स्वतः पॉवर देत नाही, तिथे वेगळा बीईसी लागतो, आणि रिसीव्हर त्याच रेलवर असेल तर सर्व्होंच्या ओढीने एकटा रिसीव्हर रीस्टार्ट होतो आणि व्हीसीसी मात्र छान दिसतं. सगळे सर्व्हो एकदम हलवून मल्टिमीटरने रेल मोजा.

त्यानंतर अँटेना. 2.4 गिगाहर्ट्झच्या रिसीव्हर वायरचं टोकाचं उघडं 31 मिलिमीटर हेच खरं काम करतं, तेवढा भाग दुमडलेला, तुटलेला किंवा बॅटरीखाली दबलेला नको. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावा आणि कार्बन फायबरपासून लांब ठेवा, कार्बन सिग्नल अडवतो. विमानावर कॅमेरा असेल तर त्याचं वायफाय बंद करा. 1.2 गिगाहर्ट्झचा व्हिडिओ ट्रान्समीटर 2.4 च्या रिसीव्हरशेजारी अजिबात नको, त्याची दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) बरोबर तिथेच पडते. 900 मेगाहर्ट्झवाला ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस, एक रेडिओ सिस्टीम) असेल तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींत एकाच रीजनचं फर्मवेअर टाकलंय ना ते बघा, भारतासाठी त्यात आयएन866 आहे, एकाला हा आणि दुसऱ्याला वेगळा असेल तर लिंक लागणारच नाही.

शेवटी मैदानावर रेंज टेस्ट. ट्रान्समीटर रेंज-चेक मोडवर टाका, म्हणजे पॉवर कमी होते, आणि साधारण 30 पावलं लांब जा. मित्राला विमान घट्ट धरायला सांगा, त्याचे हात आणि चेहरा प्रॉपच्या मागे पाहिजेत. टेलिमेट्री, कॅमेरा, व्हिडिओ सगळं चालू असू दे. आधी मोटर बंद ठेवून आणि मग फुल थ्रॉटलला विमान वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून बघा. मोटर बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर सर्व्हो थरथरत असतील तर ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) नॉइज किंवा पॉवर बघा, आणि एकाच बाजूने तुटत असेल तर त्या बाजूची अँटेना हलवून तीच टेस्ट पुन्हा घ्या.