सिग्नल जनरेटरची पातळी पॉवर सेन्सरच्या साहाय्याने स्थिर ठेवणे

सिग्नल जनरेटरच्या (ठरावीक वारंवारतेचा चाचणी-सिग्नल देणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दिसणारी पातळी, म्हणजे सिग्नलची शक्ती, ही त्याच्या आउटपुट कनेक्टरपाशी असते. चाचणीतल्या उपकरणापर्यंत पोहोचताना केबल आणि अडॅप्टर तिच्यात घट करतात, आणि ही घट वारंवारतेनुसार बदलते. त्यामुळे पातळी उपकरणाच्या तोंडाशीच, पॉवर सेन्सर (शक्ती मोजणारा, मीटरला जोडलेला शोधक) लावून मोजायची, हे आधी ठरवावे.

जनरेटर आणि मीटर सुमारे अर्धा तास चालू ठेवून स्थिरावू द्यावेत. मग जनरेटरचे आरएफ (रेडिओ-वारंवारता) आउटपुट बंद करून सेन्सर शून्य करावा, म्हणजे सिग्नल नसताना वाचन शून्य येईल असे जुळवावे. आउटपुट चालू असताना शून्य केल्यास कमी पातळीवरची सगळी मोजमापे बिघडतात. सेन्सरचा कॅलिब्रेशन फॅक्टर (वाचन दुरुस्त करणारा गुणक) वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून प्रत्येक बिंदूला वारंवारता मीटरमध्ये भरावी.

मांडणी बदलणार नसेल, तर केबलचे टोक सेन्सरला जोडून प्रत्येक वारंवारतेची घट नोंदवावी आणि तेवढी दुरुस्ती जनरेटरच्या तक्त्यात भरावी. मात्र केबल बदलली, की तक्ता नव्याने करावा लागतो.

पातळी सतत राखायची असेल, तर केबलच्या टोकाला पॉवर स्प्लिटर (सिग्नल दोन शाखांत वाटणारा भाग) लावून एक शाखा सेन्सरला आणि दुसरी उपकरणाला द्यावी. हा स्प्लिटर दोन रोधांचाच हवा, याबद्दल मी आग्रही आहे. सेन्सरच्या वाचनानुसार जनरेटर दुरुस्त होत राहिला, की दोन रोधांच्या जोडबिंदूवरचा व्होल्टेज स्थिर राहतो आणि उपकरणाला ५० ओहमचा जवळजवळ आदर्श स्रोत मिळतो. तीन रोधांच्या डिव्हायडरमध्ये हा गुण नसतो. जुळणीचे, म्हणजे स्रोत आणि भार दोन्ही ५० ओहमचे असण्याचे, महत्त्व आकड्यांतून दिसते: स्रोत आणि भार या दोन्हींचा एसडब्ल्यूआर (जुळणी किती चुकली ते सांगणारे गुणोत्तर; आदर्श जुळणीला १) १.५ असेल, तर केवळ परावर्तनामुळे सुमारे ±०.३५ डेसिबलची अनिश्चितता येते. स्प्लिटरच्या प्रत्येक शाखेत ६ डेसिबल घट होते, तेव्हा जनरेटरकडे तेवढी शक्ती शिल्लक आहे ना, ते तपासावे. दोन शाखांमधला फरक दुसऱ्या सेन्सरने एकदा मोजून नोंदवून ठेवावा.

दुरुस्ती करताना वाचन स्थिरावण्याची वाट पाहावी, मग हव्या आणि मिळालेल्या पातळीतला फरक डेसिबलमध्ये काढून तेवढाच बदल करावा. घाईने घेतलेल्या वाचनावर दुरुस्ती केली, तर पातळी खालीवर हेलकावत राहते.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी कमाल मर्यादेची आहे. सेन्सरची जोडणी सैल झाली, तर पातळी घटल्याचा समज होऊन नियंत्रण जनरेटरची पातळी अधिकाधिक वाढवत जाते आणि उपकरण जळू शकते. म्हणून उपकरणाला सोसेल इतकीच मर्यादा जनरेटरमध्ये आधीच घालावी.

सेन्सर निवडताना सिग्नलही पाहावा. थर्मल सेन्सर कोणत्याही सिग्नलची खरी सरासरी शक्ती दाखवतो, पण त्याचा प्रतिसाद मंद असतो. साधा डायोड सेन्सर बऱ्याच कमी शक्तीपर्यंत मोजतो, मात्र सुमारे −२० डीबीएमच्या (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमधली शक्ती) वर तो वर्ग-नियम पाळत नाही, म्हणजे त्याचे आउटपुट शक्तीच्या प्रमाणात राहत नाही, आणि तिथे मॉड्युलेशन किंवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक) असल्यास वाचन चुकते.