गेमिंग कीबोर्ड घ्यावा की साधा मेकॅनिकल?

विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘गेमिंग कीबोर्ड’ आणि ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ हे दोन स्वतंत्र प्रकार असल्यासारखे मांडलेले असतात आणि ग्राहकाचा पहिला घोटाळा तिथेच होतो. ‘मेकॅनिकल’ हा शब्द रचनेविषयी आहे: प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. ‘गेमिंग’ हा शब्द रचनेविषयी काहीच सांगत नाही. तो कोणताही उत्पादक कोणत्याही खोक्यावर छापू शकतो. असे खोके उघडल्यावर आत रबराचा पडदा निघू शकतो, नेहमीचे मेकॅनिकल स्विच निघू शकतात किंवा चुंबकावर चालणारे स्विच निघू शकतात, आणि या तिन्हींच्या किमतीत व उपयोगात फार मोठे अंतर आहे. म्हणून ‘कोणता चांगला’ हे विचारण्याआधी ‘आत काय आहे’ हे विचारावे.

रबरी पडद्याचा कीबोर्ड ओळखणे अवघड नाही. वर्णनात ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी-मेकॅनिकल’ असे शब्द असतील आणि स्विचचे नाव किंवा रंग कुठेच दिलेला नसेल, तर तो रंगीत दिव्यांचा साधा मेम्ब्रेन कीबोर्ड आहे असे समजावे. दुकानात हाताळायला मिळाला तर एखादे बटण वर ओढून काढण्याची परवानगी मागावी. मेकॅनिकल स्विचवर बहुधा अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा दिसतो. मेम्ब्रेन कीबोर्ड वाईटच असतो असे नाही, परंतु त्यासाठी मेकॅनिकलची किंमत मोजणे मात्र नक्कीच वाईट आहे.

खऱ्या मेकॅनिकल कीबोर्डांकडे आलो की गेमिंग आणि साधा यांतील भिंत बरीच पातळ होते. आजचे बहुतेक स्विच जर्मनीच्या चेरी कंपनीच्या १९८०च्या दशकातील एमएक्स रचनेवरून आलेले आहेत. त्या रचनेच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी उत्पादकांनी तसेच स्विच मोठ्या प्रमाणावर बनवले आणि किमती खाली आल्या. चेरीचा लाल स्विच सुमारे ४५ सेंटिन्यूटन (एक सेंटिन्यूटन म्हणजे साधारण एक ग्रॅम वजनाइतका जोर) जोराला चालतो आणि सरळ खाली जातो. तपकिरी स्विच सुमारे ५५ सेंटिन्यूटनचा असून मध्ये बोटाला हलका उंचवटा जाणवतो. निळा सुमारे ६० सेंटिन्यूटनचा असून टक् असा स्पष्ट आवाज करतो. तिन्हींत बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि साधारण २ ते २.२ मिलिमीटरवर संगणकाला संदेश मिळतो. गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या कीबोर्डांत बहुधा लाल किंवा त्याच्या जातीचा स्विच असतो, आणि तोच स्विच साध्या मेकॅनिकल कीबोर्डातही मिळतो. निळ्या स्विचचा आवाज आपल्याकडे नवा नाही. बँकांच्या काउंटरवर आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे कडकडणारा टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड त्याच आवाजाचा आहे. एका खोलीत सगळे कुटुंब झोपत असेल तर रात्रीच्या खेळासाठी हा स्विच निवडण्याआधी घरातल्यांचा विचार करावा.

जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो तो पोलिंग रेटचा, म्हणजे संगणकाला कीबोर्डकडून एका सेकंदात किती वेळा माहिती मिळते याचा. १२५ हर्ट्झला दोन खेपांमध्ये ८ मिलिसेकंद जातात, १००० हर्ट्झला १ मिलिसेकंद आणि ८००० हर्ट्झला ०.१२५ मिलिसेकंद. १२५ वरून १००० वर जाण्यात वाचणारा वेळ मोजण्याजोगा आहे. १००० वरून ८००० वर जाण्यात मात्र जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाहूनही कमी वाचते, तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद लागतात आणि पडद्यावर काही दिसल्यावर माणसाचे बोट हलायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. ज्याच्याकडे अजून ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे त्याने ८००० हर्ट्झच्या कीबोर्डावर पैसे घालणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावणे होय. ते पैसे मॉनिटरसाठी ठेवावेत. साध्या मेकॅनिकल कीबोर्डाच्या वर्णनात वायरने जोडल्यावर १००० हर्ट्झ मिळतात का एवढे पाहिले तरी पुरे. बिनतारी हवा असेल तर खेळासाठी २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेलाच घ्यावा, कारण ब्लूटूथमध्ये विलंब अधिक असतो.

दुसरा मिरवला जाणारा गुण म्हणजे एकाच वेळी कितीही बटणे दाबली तरी ती सर्व नोंदली जाणे. स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डात आतल्या तारांची जाळी सामायिक असल्यामुळे तीन-चार बटणे एकदम दाबली की एखादे गिळले जाते. प्रत्येक स्विचला स्वतंत्र डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, दिला की हा प्रश्न सुटतो आणि बऱ्याचशा मेकॅनिकल कीबोर्डांत तो दिलेला असतो, मग खोक्यावर गेमिंग लिहिलेले असो वा नसो. याची परीक्षा घरीच घेता येते: दोन्ही शिफ्ट दाबून ठेवावेत आणि इंग्रजी वर्णमाला टाइप करावी, एखादे अक्षर उमटलेच नाही तर जाळी कमकुवत आहे.

आता ज्या एका गोष्टीसाठी गेमिंग कीबोर्डाला जास्त पैसे देणे खरोखर पटण्यासारखे आहे, तिच्याकडे येऊ. नेहमीच्या स्विचमध्ये धातूचे दोन तुकडे एका ठरावीक खोलीवर एकमेकांना टेकतात. बटण सोडताना ते त्या खोलीच्या वर आल्याशिवाय ‘सोडले’ असे संगणकाला कळत नाही. म्हणजे बटण पूर्ण ४ मिलिमीटर दाबलेले असेल, तर बोट उचलायला सुरुवात केल्यावरही साधारण २ मिलिमीटरचा प्रवास वाया जातो. चुंबकीय स्विचमध्ये दांड्यात चुंबक असतो आणि खालच्या पट्टीवरील हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचा प्रभाव मोजणारा भाग, बटण नेमके किती खोल आहे हे सतत मोजत राहतो. त्यामुळे संदेश कितव्या मिलिमीटरवर जावा हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो, आणि ‘रॅपिड ट्रिगर’ चालू केला तर बटण ०.१ मिलिमीटर वर सरकताच ते सोडले गेल्याची नोंद होते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळांमध्ये चालताना झाडलेली गोळी भरकटते; नेम साधायला आधी थांबावे लागते, आणि थांबण्याचा हा क्षण रॅपिड ट्रिगरमुळे खरोखर अलीकडे येतो. नेदरलँड्सच्या वूटिंग या छोट्या कंपनीने हे तंत्र खेळाडूंमध्ये रुजवले आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी ते उचलले.

परंतु याच कुटुंबातील एक सोय जपून वापरावी. डावे आणि उजवे अशी परस्परविरोधी दोन बटणे एकदम दाबली असता शेवटचे दाबलेलेच मोजायचे, असे तंत्र रेझर या गेमिंग उपकरणांच्या कंपनीने २०२४ मध्ये ‘स्नॅप टॅप’ या नावाने आणले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित मदतीला मनाई केली. कीबोर्ड घेताना ही सोय बंद करता येते की नाही हे तपासावे. सामन्यातून बाहेर काढले जाण्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

यावरून निर्णयाचा मार्ग बराच सोपा होतो. आठवड्यातील बरेच तास नेमबाजीचे स्पर्धात्मक खेळ खेळले जात असतील, मॉनिटर १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून वरचा असेल आणि माऊस, हेडफोन यांची सोय आधीच झाली असेल, तर चुंबकीय स्विचचा गेमिंग कीबोर्ड घ्यावा. क्रिकेट, गाड्यांच्या शर्यती, रणनीतीचे किंवा कथाप्रधान खेळ असतील, अथवा दिवसा कार्यालयीन काम आणि रात्री तासभर खेळ असा क्रम असेल, तर साधा मेकॅनिकल घ्यावा. मधला पर्याय, म्हणजे नेहमीचेच स्विच, रंगीत दिवे आणि नावाजलेल्या गेमिंग कंपनीचे बोधचिन्ह असलेला महाग कीबोर्ड, माझ्या मते सर्वांत कमी फायद्याचा आहे.

लेखनाचे काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संदेशाची खोली अर्ध्या मिलिमीटरवर आणली की बटणावर नुसते विसावलेले बोटही अक्षर उमटवते. मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत क साठी जे बटण, त्याच बटणावर शिफ्टने ख येतो; ग-घ यांचेही तसेच. त्यामुळे शिफ्ट सतत लागतो आणि अतिसंवेदनशील कीबोर्डावर क चा ख होण्याचे प्रसंग वाढतात. चुंबकीय कीबोर्ड घेतलाच तर टायपिंगसाठी २ मिलिमीटरची वेगळी प्रोफाइल साठवून ठेवावी.

साध्या कीबोर्डात पैसा कुठे गेला आहे, हे पाहायला स्पेसबार आणि शिफ्ट ही लांब बटणे टोकांवर दाबून पाहावीत. ती खडखडत असतील किंवा एका बाजूला अडकत असतील तर स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण समतोल ठेवणारे आधार, हलक्या दर्जाचे आहेत, आणि हा दोष रोज कानाला टोचतो. बटणांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या असाव्यात. एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या काही महिन्यांत बोटांच्या घर्षणाने व तेलाने चकाकू लागतात. ‘हॉट-स्वॅप’ असेल तर बिघडलेला एक स्विच सोल्डरिंग न करता स्वतः बदलता येतो, आणि माझ्या दृष्टीने दिव्यांच्या शंभर रंगांपेक्षा ही सोय मोलाची आहे. मात्र चुंबकीय कीबोर्डात नेहमीचे मेकॅनिकल स्विच बसवून तो चालेल असे गृहीत धरू नये. बटणांची कामे बदलायची असतील तर त्यासाठीची क्यूएमके किंवा व्हीआयए ही सॉफ्टवेअर चालणारा कीबोर्ड पाहावा. त्यातील बदल कीबोर्डाच्या स्वतःच्या स्मृतीत राहतात. काही गेमिंग कीबोर्डांचे सॉफ्टवेअर सतत पार्श्वभूमीवर चालावे लागते, म्हणून सेटिंग बदलून कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा.

आकाराचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. माऊस मोठ्या हालचालीने फिरवणाऱ्याने अंकांचा उजवा कप्पा नसलेला ८७ बटणांचा घ्यावा. टॅलीवर काम करणाऱ्याने पूर्ण आकाराचाच. ६१ बटणांच्या कीबोर्डात बाण आणि एफ-बटणे दुसऱ्या बटणाच्या मदतीने मिळतात, शिवाय काहींत उजवे ऑल्टही हलवलेले असते, आणि विंडोजच्या इंग्लिश इंडिया मांडणीत ₹ चे चिन्ह उजवे ऑल्ट आणि ४ यांनीच उमटते.

खरेदी करताना खोक्यावरील आयातदाराचे नाव पाहावे आणि वॉरंटी भारतात मिळते की कीबोर्ड परदेशी पाठवावा लागतो हे लेखी विचारून घ्यावे. कीबोर्ड घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी तीन दिवस तो नेहमीच्याच कामासाठी वापरावा: दोन्ही शिफ्टची परीक्षा घ्यावी, प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबून एकाच दाबात दोन अक्षरे उमटत नाहीत ना हे पाहावे, एक लांब मजकूर टाइप करावा आणि एक पूर्ण सामना खेळावा. जुना कीबोर्ड तोवर टेबलाखालीच ठेवावा. चौथ्या दिवशी हात आपोआप त्याच्याकडे गेला, तर नवा परत करावा.