कूलर बंद करताना फ्रिज बंद होतो? या चुका टाळा

मार्चमध्ये माळ्यावरचा कूलर खाली उतरला की लातूर-नांदेडकडच्या घरांत दूध नासायला लागतं. दोष उन्हाला देतात. खरं तर कूलरची पिन फ्रिजशेजारच्या सॉकेटात गेलेली असते. पहाटे गारवा सुटला की कुणीतरी अंधारात चाचपडत बटन दाबतं, ते फ्रिजचं निघतं.

मग बटनावर सेलोटेप येते. 42 अंशांत तिचा डिंक पाघळतो, त्यावर धूळ बसते आणि बटन अर्ध्यात अडकायला लागतं. अर्धवट बसलेलं बटन आतून ठिणग्या टाकत तापतं. ‘फ्रिज’ लिहिलेली चिठ्ठीही अंधारात कोण वाचणार? वायरमनला सांगून फ्रिजचं बटन कडेला घ्या, मध्ये एक ब्लँक मॉड्यूल, म्हणजे बटनाच्या जागी बसणारं कोरं झाकण, टाका. मेन बंद करून केलं तर अर्ध्या तासाचं काम. बाथरूमच्या बोर्डावर असतं तसं पारदर्शक झाकणही चालतं, पण बोर्डावर सॉकेट असेल तर पिन लावल्यावर ते मिटत नाही. झाकणासाठी प्लेटला भोक पाडून स्क्रू मारू नका, मागे चालू वायर असते.

बटन काढून सॉकेट डायरेक्ट करणं हा उतावळ्यांचा उपाय. फ्रिज चालू असताना पिन ओढली की ठिणगी पडणार.

इन्व्हर्टरची चूक जास्त महागात जाते, कारण ती दिसतच नाही. सकाळी झाडताना इन्व्हर्टरच्या ट्रॉलीमागचं बटन बंद होतं, पंखे मात्र बॅटरीवर फिरतच राहतात. संध्याकाळी इन्व्हर्टर ओरडतो तेव्हा सगळे म्हणतात, “लाईट गेली वाटतं.” आपल्याकडे त्यात नवल ते काय! रात्री सगळंच बंद पडतं, तेव्हा शेजारी टीव्ही चालू दिसतो. 150 एएचची रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. तशीच चार-सहा दिवस पडली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅकअप कायमचा घटतो. फ्रिज इन्व्हर्टरवर नसेल तर त्याचं दार उघडून पाहा. आतला दिवा लागला म्हणजे लाईट आहे. आधी बटन, मग पिन, मग इन्व्हर्टरमागचा फ्यूज बघा. ट्रॉलीमागचा बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर घेतला की झाडूचा धक्का लागत नाही.

पोरानं फ्रिजचं बटन टकटक केलं असेल तर पाच मिनिटं बंदच ठेवा, लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसरवर ताण येतो.