तोरणमाळला मुक्काम टाकून सातपुडा फिरायचा तर

सकाळी शहाद्याहून वर जायचं, तलाव बघायचा, दुपारी जेवून परत उतरायचं, असं नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ हे थंड हवेचं ठिकाण बरेच जण उरकतात. त्यात घाट दिसतो, सातपुडा दिसत नाही. किमान दोन रात्री वर, गावातल्या एखाद्या घरी काढा. तिसरी रात्र जमली तर थंडीत जा.

शहादा ते तोरणमाळ हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे. कागदावर सव्वा तास वाटतो, पण शेवटच्या घाटामुळे दोन तास धरा. रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार किंवा दोंडाईचाला उतरावं. एसटीने जायचं असेल तर मुक्कामी गाडी आहे का आणि ती सकाळी कितीला परत निघते, हे शहादा आगारात विचारा. मोबाईलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. स्वतःची गाडी असेल तर टाकी शहाद्यातच भरा आणि रोख पैसेही तिथेच काढा. वर रेंज गेली की फोनवरून पैसे देणं बंद, आणि पाचशेची नोट मोडून द्यायला घरधन्याकडे सुटे नसतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा ठेवा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकू नका. चढताना जो गिअर लागला तोच उतरतानाही ठेवा. सतत ब्रेक दाबला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या वळणावर ब्रेक पकडत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी वीस मिनिटं उभी करा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. पावसाळ्यात दरडीची माती रस्त्यावर येते, म्हणून अंधारात घाट चढायचाच नाही.

घर ठरवताना भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा. पाणी नळाचं की हापशाचं? मार्च-एप्रिलमध्येही पुरतं का? शौचालय घराला लागून आहे की लांब? लाइट गेली तर काय सोय? जेवणाऱ्या माणसांचा नेमका आकडा आदल्या दिवशी सांगा. सहा सांगून अकरा आलात तर कोंबडी पुरत नाही, आणि घरातली बाई उपाशी राहून तुम्हाला वाढते. आंघोळीच्या पाण्यालाही लाकूड जळतं, ते कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं. भाडं, जेवण आणि गरम पाणी यांचे पैसे वेगवेगळे बोलून घ्या, म्हणजे निघताना कुणालाच अवघड होत नाही.

जेवणात ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा मिळेल. शेवभाजी खायची तर शहाद्यात खाऊन घ्या, वर तिचा हट्ट धरू नका. अहिराणी खाली चालते, वर पावरी आणि भिली. तरुण मुलं मराठी बोलतात, म्हाताऱ्यांशी बोलायला त्यांनाच मध्ये घ्या. फोटो विचारूनच काढा.

आता फिरणं. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर आहे. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून फक्त यशवंत तलावाला चक्कर मारा आणि गोरखनाथाचं देऊळ बघा. दुसरा दिवस सीताखाईसाठी राखा. तलावाचं जादा पाणी पुढे या दरीत कोसळतं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरात असतो, पण धुक्यामुळे तासन्‌तास पांढऱ्या पडद्याशिवाय काहीच दिसत नाही. धबधबा आणि दरी दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर गाठा, तेव्हा सीताफळंही असतात.

सीताखाईच्या कड्यावर कातळ पक्का वाटतो, फसवतो तो त्यावरचा मुरूम. खड्यांचा पातळ थर बुटाखाली छऱ्यांसारखा घरंगळतो, आणि कड्याजवळची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती असते. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. काठापासून दोन माणसांच्या उंचीइतकं मागे थांबा. वाकून बघायचंच असेल तर पोटावर झोपून बघा, कुणाला तरी पाय धरायला सांगा. सेल्फीसाठी दरीकडे पाठ करून मागे सरकणं तर नकोच.

लांबची वाट धरायची तर गावातला माणूस सोबत घ्या आणि दिवसाची मजुरी आधी ठरवा. वेळेचा हिशोब असा मांडा: सपाटीवर तासाला ३ ते ४ किलोमीटर, वर चढलेल्या दर ३०० मीटरला जादा अर्धा तास. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, दरीत त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून दुपारी दीड वाजता जिथे असाल तिथून मागे वळा. पाणी माणशी थंडीत २ लिटर, होळीनंतर ४. ओढ्याचं पाणी उकळून प्या.

अस्तंब्याला याच मुक्कामातून जाऊ नका. ते शिखर १,३२५ मीटरचं, धडगाव तालुक्यातलं. त्याला वेगळा मुक्काम आणि वेगळा दिवस लागतो. धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा असते, तशी महाशिवरात्रीला तोरणमाळला. यात्रा बघायची तर जरूर या, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. परतताना उनपदेवचे गरम पाण्याचे झरे बघायचे असतील तर नकाशात शहादा तालुका तपासा. त्याच नावाचं ठिकाण चोपडा तालुक्यात अडावदजवळही आहे, आणि गाडी तिकडे वळली तर दिवस गेला.

सामानात माणशी एक जाड घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग हवी, कारण थंडीत पारा खूप उतरतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा भागात तर दवबिंदू गोठतात. टॉर्च, पॉवर बँक आणि मच्छरदाणी घ्या. मच्छरदाणी डासांपेक्षा मण्यारीसाठी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा इतका बारीक असतो की झोपमोडही होत नाही. जाळीचे काठ अंथरुणाखाली नीट खोचा, शक्यतो खाटेवर झोपा. सकाळी बूट झटकूनच घाला. साप चावलाच तर कापू नका, आवळू नका, भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात आहे, हे पहिल्याच संध्याकाळी घरधन्याला विचारून ठेवा. रेंज कुठल्या टेकाडावर येते तेही तेव्हाच विचारा, १०८ला फोन तिथूनच लागेल.